नळीचं झबलं

राहुरीच्या मरियमबाईंच्या घरात उघडं असं काही राहिलंच नव्हतं. शाळेत मुलींना शिवण-विणकाम शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि मग घरावर तुटून पडल्या. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, फ्रीजच्या दांडीला मोजा, सिलिंडरला झालरीचा झगा. गॅसच्या नळीलासुद्धा त्यांनी गुलाबाच्या नक्षीचं झबलं घातलं होतं, तेही थेट नळीवरच विणून.

त्यांचे यजमान शलमोनराव मात्र दोन महिने हैराण होते. स्वयंपाकघरात कुजका वास यायचा आणि बाईंनी त्याचं खापर फोडलं त्यांच्या आवडत्या मुळ्यावर. मुळा बंद झाला, वास काही जाईना. मग बाईंनी नवऱ्याचं ताटच व्हरांड्यात हलवलं. साखर कारखान्यात उभा जन्म मळीचा वास सोसलेला हा माणूस, आता स्वतःच्याच घरात वासापायी वाळीत पडला होता. आपलं नाव एकदाचं साफ व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मंगळवारी गॅस एजन्सीकडून तपासणीला माधुरी आली. ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, टाके वाकडे घालण्यात पहिली. नळी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"बाई, हे काढावं लागेल. नळी उघडी दिसली पाहिजे, तिच्यावरची तारीख वाचता आली पाहिजे. नियम आहे."

"उघडी नळी? चार माणसं येतात घरात!"

"आगं, पोरीला बघू तरी दे," व्हरांड्यातून शलमोनराव म्हणाले. "त्यो वास तितूनच येत आसंल."

"तुम्ही जेवा!"

"मग मला कनेक्शन बंद करावं लागेल, बाई," म्हणत माधुरीनं रेग्युलेटर बंद केला.

"कर. मी चूल मांडीन."

माधुरीनं पिशवीतून कातरी काढली, आणि बाईंच्या अंगात शाळा संचारली.

"विणकामाला कातरी? हेच शिकवलं का मी? शेवटची गाठ सोड आणि ओढ!"

माधुरीला गाठ सुटेना, बाईंना ते बघवेना. शेवटी त्यांनीच गाठ सोडली आणि सरसर सगळं उसवत नेलं. गुलाबांखाली नळीला भेगाच भेगा होत्या. माधुरीनं साबणाचं पाणी लावून क्षणभर रेग्युलेटर उघडला. भराभर फुगे आले.

शलमोनराव ताट सोडून दारात आले. या क्षणासाठी त्यांनी चार-पाच वाक्यं घोकून ठेवली होती. त्यातलं एक तर चर्चच्या पाळकांनाही सुचलं नसतं. त्यांनी तोंड उघडलं आणि नजर बाईंवर गेली. हातात दोऱ्याचा गुंता घेऊन त्या शेगडीला टेकून उभ्या होत्या. आपल्याला हिनं बाहेर बसवलं, आणि स्वतः दोन महिने, रोज तीनदा, याच फुग्यांशेजारी काडी ओढली.

"मरियम," ते म्हणाले, "तू आदी भायेर ये."

चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बाईंनी उलट उत्तर दिलं नाही. त्या व्हरांड्यात आल्या आणि शलमोनरावांना खेटून बसल्या.