नकाशा झालेली चादर

मी चादर बोलतेय. सुती, डबल बेडची, मूळची पांढरी. आता माझ्या अंगावर नद्या आहेत, डोंगर आहेत आणि बाराशे वर्षांपूर्वीच्या चिनी सेनापतींचे सुभे आहेत. ऑकलंडच्या पश्चिमेला एका शाळेच्या कपाटात मी राहते. तिथे मला कुणी चादर म्हणत नाही, नकाशा म्हणतात.

जन्म इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या खडखडाटात विणली गेले, त्यामुळे जग म्हणजे नुसता आवाज असंच मला आधी वाटायचं. मग पुण्याला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात घडी होऊन शांत पडून राहिले. स्नेहलताबाईंनी चिमटीत धरून माझा पोत पाहिला आणि मला घेतलं. "तिकडे म्हणे सगळं पॉलिएस्टरच मिळतं," त्या यजमानांना म्हणाल्या. तिकडे म्हणजे न्यूझीलंडला, हे मला बॅगेत गेल्यावर समजलं.

ते दोन हजार एक साल. यजमान गुरुदत्त, सिव्हिल इंजिनिअर. मुलगी ऋचा, शाळकरी. न्यू लिनमध्ये भाड्याचं घर मिळालं, पण गुरुदत्तांना नोकरी मिळेना. जिथे जावं तिथे इथला अनुभव विचारायचे. भर दुपारी ते माझ्यावर पडून छताकडे बघत राहायचे. काळजीत असलेला माणूस नकळत चादर मुठीत धरतो, हे मी तेव्हा शिकले. पुढे माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात त्यांना पावसाळी पाण्याचे पाइप आखायचं काम मिळालं. त्या दिवशी ते बुटांसकट माझ्यावर आडवे झाले आणि गाढ झोपले. स्नेहलताबाई एरवी बोलल्या असत्या. त्यांनी फक्त हळूच पडदा ओढला.

मी भरपूर वापरली गेले. हळदीचं दूध सांडलं, पिहाच्या किनाऱ्यावरून पोहायचे ओले कपडे, इथले टॉग्ज, माझ्यात गुंडाळून आले, एका कोपऱ्याला भोक पडलं. मग इलॅस्टिकवाल्या फुलाफुलांच्या चादरी आल्या आणि माझी रवानगी गराजमध्ये झाली, गवत कापायच्या यंत्रावर. वाईट वाटलं. पण घरातलं खरं बोलणं गराजमध्येच होतं, हेही तिथेच कळलं.

एका शनिवारी बापलेकीचं तिथेच वाजलं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपल्यावर ऋचानं ते सोडलं होतं आणि इतिहास घेतला होता.

"इतिहास? तोही चीनचा?" गुरुदत्त म्हणाले. "आपण एवढ्या लांब कशासाठी आलो?"

"तुम्हाला तुमचं काम करायचं होतं म्हणून आलो, बाबा. मला माझं करायचंय."

"कर मग."

एवढंच. त्यानंतर ते तिच्याशी थेट बोलेनात. ऋचा समोर उभी असताना बायकोला म्हणायचे, "तिला सांग, गाडी मागे घे." ऋचाही म्हणायची, "आई, त्यांना सांग, घेतली." मधल्या मधे स्नेहलताबाई दमून जायच्या. घर एकच, जेवणाचं टेबल एकच. अशी वर्षं गेली. ऋचा पदवीधर झाली आणि शिक्षिका व्हायचं प्रशिक्षण घेऊ लागली.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात ती तावातावाने गराजमध्ये आली आणि माझ्यावरचं वाळकं गवत झटकू लागली. मागोमाग आई.

"अगं, ती फाटकी चादर कशाला?"

"मोठा नकाशा हवाय, आई. मुलांना उभं राहता येईल एवढा." मग ती यंत्रावरच टेकली. "परवाचा धडा पार पडला. म्हणजे, पडलाच. मी कागद वाटले, मुलं खिडकीबाहेर बघत होती. कॉलेजच्या लेक्चरर धडा तपासायला पुन्हा येणार आहेत. आता जमलं नाही तर हे ट्रेनिंग पुन्हा करायचं."

"विषय काय आहे?"

"सत्ता कशी चालते. उदाहरण आपलं आपण घ्यायचं. मी जिएदूशी घेतलेत."

स्नेहलताबाई दाराजवळच्या पायरीवर बसल्या. मग ऋचानं मला फरशीवर पसरलं आणि पेन्सिलीने रेघा ओढत सांगत गेली. जिएदूशी म्हणजे तांग सम्राटांचे सरहद्दीवरचे सेनापती, आपल्याकडच्या सुभेदारांसारखे. त्यांच्यातल्याच एकानं मोठं बंड केलं. ते कसंबसं मोडलं, पण बंडखोरांच्या सरदारांना ईशान्येचे सुभे देऊन गप्प करावं लागलं. तिथले सुभेदार मग कर पाठवेनात, अधिकारी आपले आपणच नेमू लागले. बाप गेला की मुलगा गादीवर बसायचा आणि मग सम्राटाकडे नेमणुकीचं पत्र मागायचा.

"ऐकायचं नाही, तर पत्र कशाला हवं?" स्नेहलताबाईंनी विचारलं.

"तेच तर. तोडायचंही नव्हतं त्यांना."

 स्नेहलताबाई दारातून आत, बैठकीच्या खोलीत बसलेल्या यजमानांकडे बघत होत्या.

पुढचे दिवस माझ्यावर रंग चढत गेला. ब्रश फिरला की गुदगुल्या होत. पिवळी नदी, राजधानी, ईशान्येचे सुभे लाल. आणि दक्षिणेकडून निघून थेट राजधानीपर्यंत जाणारी एक सरळ निळी रेघ.

शनिवारी गुरुदत्त गवत कापायचं यंत्र घ्यायला आले. ऋचा माझ्यावर गुडघे टेकून रंगवत होती. त्यांनी यंत्राला हात घातला, आणि थबकले.

"ही निळी रेघ कसली?" त्यांनी विचारलं. बायको आसपास नव्हती. म्हणजे प्रश्न ऋचालाच होता.

ऋचाचा ब्रश थांबला. "कालवा आहे. ईशान्येकडून काहीच येईना, म्हणून राजधानी दक्षिणेच्या धान्यावर जगायची. ते या कालव्यानं यायचं."

"आणि हे तपकिरी काय?"

"डोंगर."

"मग कालवा डोंगरातून सरळ कसा जाईल? पाणी असं चढत नाही."

ऋचानं पुस्तक ओढलं, पानं उलटली. "बरोबर आहे तुमचं. कालवा इथे नदीला मिळतो. पुढे नदीत खडक आहेत, बोटी फुटायच्या. म्हणून धान्य उतरवून गाड्यांनी न्यायचे, आणि पलीकडे पुन्हा बोटीत."

"मग ते दाखव की."

"तुम्ही दाखवा."

 गुरुदत्तांनी चष्मा पुसला, पँट गुडघ्यांवर ओढून घेतली आणि ते माझ्यावर बसले. त्यांचा हात मला ओळखीचा होता. यावेळी मूठ वळलेली नव्हती, पेन्सिल धरलेली होती. चढ कुठे, उतार कुठे, बोटी कुठे थांबत असतील, विचारत गेले. हे सांभाळणारा इंजिनिअर कुणाच्या पगारावर होता, हेही विचारलं. ऋचा हसली. स्नेहलताबाई चहा घेऊन आल्या, दोघांना एकमेकांशी बोलताना पाहिलं आणि कप ठेवून मुकाट्यानं परत गेल्या. गवत त्या दिवशी कापलं गेलंच नाही.

धड्याच्या दिवशी गुरुदत्तांनीच आम्हाला शाळेत सोडलं. बाकं बाजूला सरकवून ऋचानं मला जमिनीवर अंथरलं. मुलांनी बूट काढले. मोजे घातलेली इतकी पावलं मी जन्मात पाहिली नव्हती. लेक्चरर बाई मागे वही उघडून बसल्या. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. मी माझ्या भाषेत सांगतेय.

एक उंच मुलगा सम्राट झाला. बाकीच्यांना सुभे मिळाले आणि तांदळाची एकेक पुडी. ईशान्येच्या लाल सुभ्यावर अनाहेरा नावाची मुलगी उभी राहिली. ती पहिल्या धड्याला सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती म्हणे.

"कर द्या," सम्राट म्हणाला. दक्षिणेच्या मुलांनी पुड्या दिल्या.

अनाहेरानं पुडी पाठीमागे नेली. "दिला तर मला काय मिळेल?"

"मानाचे झेंडे. आणि नेमणुकीचं पत्र."

"ते तर माझ्याकडे आहे. आणि सैन्यपण."

वर्ग हसला. सम्राट चिडला, त्यानं तिच्यावर सैन्य पाठवायचं ठरवलं. मग ऋचानं पुढचं सांगितलं. एका सम्राटानं खरोखर हेच केलं. लढाईला निघालेले सैनिक पावसात भिजून, गारठून राजधानीत आले. बक्षीस मिळेल म्हणून आले होते. मिळालं जाडंभरडं जेवण. त्यांनी ते लाथाडलं आणि राजधानीच ताब्यात घेतली. सम्राटाला पळावं लागलं.

"जेवणावरून?" सम्राट झालेला मुलगा म्हणाला.

"नुसतं जेवण नसणार," दक्षिणेतून कुणी तरी म्हणालं. "त्यांना वाटलं, आपल्याला हा मोजतच नाही."

 ऋचानं विचारलं, "तर मग हे एक राज्य होतं, की नव्हतं?"

वाद पेटला. पावलं माझ्यावर इकडून तिकडे धावू लागली. लाल सुभ्यावरची दोनच हलली नाहीत.

"होतं," अनाहेरा म्हणाली. "मी तांदूळ देत नाही. पण पत्र त्याच्याकडूनच घेतलंय. म्हणजे दार मी बंद केलेलं नाही."

लेक्चरर बाईंनी वही मिटली होती आणि त्या पुढे वाकून ऐकत होत्या. घंटा झाल्यावर त्या ऋचाला म्हणाल्या, "मला पुन्हा यायची गरज नाही."

गुरुदत्त अजून पार्किंगमध्येच होते. ऑफिसला गेलेच नव्हते. ऋचा मला काखेत घेऊन आली तशी त्यांनी काच खाली केली.

"झालं?"

"झाले पास, बाबा."

त्यांनी मान डोलावली. गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. "कालव्याचं कुणी विचारलं का?"

"नाही."

"कुणीच नाही?" त्यांचा चेहरा जरा पडला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी तूच विचार त्यांना. महत्त्वाचं आहे ते."

पुढची वेळ आली. ऋचाला त्याच भागातल्या दुसऱ्या एका शाळेत नोकरी लागली, मीही तिच्याबरोबर आले. माझा लाल रंग पावलांनी फिका झालाय, राजधानीवर कुणाच्या तरी मोज्याचा ठसा आहे. मुलांनो, मला धुवायला नेऊ नका, एवढंच मागणं आहे. डाग असू देत.

गेल्या आठवड्यात कपाटात माझ्या शेजारी एक नवी पांढरी चादर आली. गुरुदत्तांनी स्वतः दुकानात जाऊन आणली. पिवळ्या नदीनं आपला मार्ग कसा बदलला ते त्यांना काढायचंय, आणि ऋचानं नद्या पुन्हा चुकवू नयेत म्हणून ते शनिवारी इथेच येणार आहेत. नवी चादर बिचारी घाबरलेली दिसते. मी तिला म्हटलं, ताठ राहू नकोस, सैल पड. ही माणसं रंग देताना खूप भांडतात, पण हात हलका आहे त्यांचा.