डावीकडची जाळी

पलंग सुटा करून जमिनीवर मांडला, तेव्हा भाग मोजले. डोक्याकडची लोखंडी चौकट एक, पायाकडची एक, बाजूच्या पट्ट्या दोन, पितळी गोळे आठ, चाकं चार, तारांची जाळी एक, बोल्ट बारा. एकूण एकोणतीस. जाळीला दोऱ्याने एक कागद बांधलेला होता, तो मी मोजला नाही. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘जाळीला हात लावू नये.’

मामाच्या कारखान्यात गिऱ्हाइकाचं सांगणं वहीत लिहीत नाहीत, त्या त्या भागालाच बांधतात. मामा वही वाचत नाही, लोखंड वाचतो.

पलंग बाईंचा. बाई म्हणजे मामाच्या तिसरीच्या वर्गशिक्षिका. साठीला आलेला मामा त्यांच्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. डोक्याकडचा सांधा तडकला म्हणून पलंग आमच्याकडे आला. सोडायला आल्या तेव्हा मामा बाहेर गेला होता; मला त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “डावीकडे खळगा आहे. यांचा आहे. तेवढा राहू दे. बाकी पलंग काळा कर की सोनेरी कर.”

‘यांना’ जाऊन आठ महिने झाले होते.

गंज काढायच्या द्रावणात कागदाचा लगदा झाला असता. मी तो सोडवून खिशात ठेवला, जाळी धुतली, वाळत टाकली आणि तडकलेला सांधा घेऊन वेल्डरकडे गेले. परतले तेव्हा मामा घाम पुसत होता.

“कडेच्या अठरा स्प्रिंगा पार ढिल्या पडल्या होत्या गं. सगळ्या बदलल्या. हात मारून बघ, ढोलासारखी ताठ झालीय.”

“जुन्या कुठायत?”

“भंगारवाला येऊन गेला ना आत्ताच.”

मी खिशातला कागद त्याच्यासमोर धरला. त्याने तो दोनदा वाचला आणि खाली बसला.

“काढलास कशाला?”

“भिजला असता.”

“मग भिजू द्यायचा की!” जरा वेळाने म्हणाला, “आपण दोघंही अतिशहाणे.”

भंगारवाल्याच्या गोदामात गेलो. अठरा स्प्रिंगा एका ढिगाऱ्यात मिसळल्या होत्या आणि ढिगारा माझ्या खांद्याएवढा होता.

शेवटी मामाने ठरवलं की डावीकडच्या स्प्रिंगा सैल करून नवा खळगा पाडायचा. किती सैल करायच्या ते कळावं म्हणून पलंग जोडल्यावर मी मापं घेतली. रिकामी जाळी जमिनीपासून दोन्हीकडे चारशे बारा मिलिमीटर. मग मी उजव्या कडेला झोपले आणि मामाने मोजलं: माझ्याखाली तीनशे एकाहत्तर, डावीकडे चारशे नऊ. म्हणजे एका बाजूचा भार दुसरीकडे जवळजवळ पोचत नव्हता.

स्प्रिंगांना पाना लावायच्या आधीच, भर दुपारी, बाई आल्या. चकचकीत गोळ्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. डावीकडच्या जाळीवर तळहात टेकवला.

“कोणी केलं?”

“मी, बाई.”

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “कागद मी काढला.”

“म्हणजे दोघांनी मिळून केलंत. अरे, फळा पुसायला सांगितला तर तू भिंतसुद्धा पुसायचास.” हात त्यांनी उचलला नाही. “आता हे झोपणार कुठे?”

मामाने माझ्याकडे बघितलं. मी पान्याकडे.

“मी खळगा पाडून देतो, बाई. अगदी तस्सा.”

“तू देणार पाडून? त्यांना चौतीस वर्षं लागली.” त्या कडेवर टेकल्या. “रोज त्या खळग्याच्या काठावर हात ठेवून झोपते मी. तो काठच नसला तर मला कळणार कसं?”

“काय, बाई?”

“आहेत की गेले, ते.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“पडून बघते,” बाई म्हणाल्या. “नसतील, तर पलंग इथेच ठेव. मला नको.” मग माझ्याकडे वळून, “तू शिकलेली आहेस ना? मोज. माझ्या मनाचं काही खरं नाही.”

त्यांनी चपला काढल्या आणि उजव्या कडेला आडव्या झाल्या. दोन्ही हात पोटावर घेतले. मामा पलंगापासून चार पावलं लांब, हात मागे बांधून उभा होता. मी स्टीलची पट्टी घेऊन पलंगाखाली सरकले.

“सरका जरा,” बाई हळूच म्हणाल्या. माझ्याशी नव्हे.

डावीकडची एक स्प्रिंग करकरली.

मी दोन्हीकडची मापं घेतली, मग पट्टी उलटी धरून पुन्हा घेतली. आकडे तेच आले.

उजवीकडे, बाईंच्या खाली, तीनशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. डावीकडे तीनशे त्रेसष्ट.