चौथा ठिपका

देवघरातली भांडी चिंचेने घासायला काढली की वसुमतीबाई त्यांच्याबरोबर आपली मोर्सची कीसुद्धा घासायला घेत. शिसवी फळीवर बसवलेली पितळेची दांडी, पुढे काळी गोल मूठ, आणि मुठीखाली समोरासमोर दोन चांदीचे ठिपके. मूठ दाबली की ठिपक्याला ठिपका टेकतो, आणि तेवढा वेळ घरातल्या रेडिओतून एक बारीक शिट्टी आकाशात जाते. आखूड शिट्टी म्हणजे डि, लांब शिट्टी म्हणजे डा. त्यांचीच अक्षरं होतात. पितळेला चिंच चालते, चांदीच्या ठिपक्यांना नाही. त्यांच्यामधून कोऱ्या कागदाची पट्टी हलकेच ओढायची. हे त्यांना जतीनभाईंनी शिकवलं होतं, आणि जतीनभाईंना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

बाई तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. एका वर्षी मुलांना करवतीच्या जुन्या पात्याची की करून दाखवली. मुलं चार दिवस ठकठक करून विसरली, बाईंचं बोट काही विसरेना. परीक्षा दिली, हौशी रेडिओचा परवाना काढला. पात्याची ती की अजून कपाटात होती, शेजारी नौदलाच्या भंगारातली एक जडशीळ, आणि एक आडवी चालणारी, जी त्यांना कधीच जमली नाही. रेडिओचा आवाज सगळ्यांचा एकच, पण बोटाला प्रत्येक वेगळी लागायची. निवृत्तीनंतर डहाणूच्या घरात त्या आणि ह्या किया. लग्न का केलं नाहीस, असं विचारणारी माणसंही एकेक करून गेली. पुण्याचा भाचा गौरव फोनवर म्हणायचा, "आत्या, जगात व्हॉट्सॲप आलंय, तू अजून ठकठक काय करतेस?"

गच्चीवरून निघालेली तांब्याची तार शेजारच्या चिकूवाडीतल्या माडाला बांधलेली होती. वाडी नर्मदाबेनची. त्यांचं माहेर पोरबंदरकडचं आणि सासर इथलं, त्यामुळे बोलणं दोन्हीकडचं.

"वसुबेन, तुमच्या तारेवर कपडे वाळत नाय, कावळा बसत नाय. बांधली कशाला मग?"

"माणसं येतात तिच्यावर."

"एक तरी दाखवा ने."

दाखवण्यासारखा एकच होता. बाई पहिल्यांदा हवेवर आल्या त्या संध्याकाळी त्यांचा हात इतका अडखळत होता की ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते पुढे निघून गेले. वेरावळचा एक माणूस थांबला, जतीनभाई. जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून उभा जन्म काढलेला, झरझर पाठवणारा. तो बाईंच्या चालीला आला आणि एकेक अक्षर सुटं करून बोलला. पुढे ओळख वाढल्यावर म्हणाला, आमच्या जहाजावर एक नेम होता. अडखळता हात हाक मारत असेल तर उत्तर दिल्याशिवाय कान काढायचा नाही. तो एक तर बुडणारा असतो नाही तर शिकणारा.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला गप्पा. थोडं इंग्रजी, थोडं मराठी, थोडं गुजराती, सगळं रोमन अक्षरांत. जतीनभाई विचारायचे, आज बुवा काय म्हणाले? बाई कीर्तनाच्या वेड्या. कुठे कीर्तन असलं की घरी येऊन त्यातलं निरूपण डि-डामध्ये सांगायच्या. सांगायला फार वेळ लागे, आणि तेवढा वेळ तिकडे कोणीतरी बसलेलं असे. बुवांच्या विनोदाला जतीनभाई हसायचे. हवेवर हसायचं असलं की एच आणि आय ही दोन अक्षरं पाठवतात: चार ठिपके, मग दोन ठिपके. डिडिडिडि, डिडि. रिकाम्या खोलीत ते हसणं ऐकून बाईही हसत.

फोन नंबर दोघांनीही कधी मागितला नाही. फोनवर परका आवाज आला असता. हात मात्र ओळखीचा होता. जतीनभाईंचा शेवटचा डा सुटता सुटता जरा रेंगाळे, बुवा समेवर यायला मुद्दाम उशीर करतात तसा. "हजार जणांत ओळखीन मी तो हात," असं बाई शैलेशला सांगायच्या. शैलेश त्यांचा जुना विद्यार्थी, आता तलासरी नाक्यावर विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा आणि ह्याच नादातला.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी वेरावळहून उत्तर आलं नाही. दुसऱ्याही नाही. बाई रोज कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं हवेवरचं नाव, पाठवून हाक मारत आणि कानाला हेडफोन लावून खरखर ऐकत बसत. पत्ता होता, कार्ड टाकलं. त्याचंही उत्तर नाही. कोणाला विचारणार, काय नात्याने विचारणार? देवापुढे दिवा लावताना त्यांनी जतीनभाईंचं नाव घेतलं खरं, आणि मग वाटलं, वेरावळला कोणी दुसऱ्या अर्थाने दिवा तर लावला नसेल.

होळी झाल्यावर ते कॉलसाइन पुन्हा आलं. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच बसल्या. नाव जतीनभाईंचं, पण हात कोणाचा तरी भलताच. ठिपके कुठेही सांडत होते. डा कधी संपता संपत नव्हता, कधी अर्ध्यात तुटत होता. असं वाटत होतं की कोणी लहान मूल कीवर बसलंय.

शैलेशला फोन केला.

"मॅडम, घरातल्या कोणा पोराच्या हाती सेट लागला असेल. उत्तर देऊ नका. कंटाळून जाईल."

म्हणजे सेट पोराच्या हाती लागलाय. ज्याचा होता तो नाही. रोज संध्याकाळी तो हात हाक मारत राहिला. बाई ऐकत राहिल्या, उत्तर देईनात. एका संध्याकाळी मात्र त्यांना राहवलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव कोणी चिवडत बसावं, हे सहन होईना. त्यांनी झरझर पाठवलं: हे नाव दुसऱ्याचं आहे. तुम्ही कोण?

बराच वेळ खरखर. मग तीन ठिपके. थोडं थांबून दोन ठिपके आणि एक लांब. एस, यू.

सुं.

बाईंनी रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबेन चिकू घेऊन आल्या तेव्हा बाई अजून धुमसत होत्या. "मी विचारलं कोण, तर म्हणतो 'सुं'. तुमच्यात 'काय?' म्हणतात ना?"

"'काय'च. पण मोठ्या माणसाला नुसतं 'सुं' कोण बोलतो? 'बोलो ने' तरी बोलायचं. काय पण पोरं." नर्मदाबेनने टोपली ठेवली. "जाऊ द्या. हे आज खाऊ नका, परवा पिकतील."

त्या संध्याकाळपासून तो हात आला नाही. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण दिवेलागणीला त्या हेडफोन लावायच्या, आणि कान आपोआप त्या वेड्यावाकड्या ठिपक्यांना शोधायचा. निदान कोणीतरी जतीनभाईंचं नाव घेत तरी होतं. चैत्र लागला. चहा एका कपाचा होत होता तो तसाच होत राहिला. कपाटातल्या किया काढून त्या पुसत बसत, आणि कोणत्याच कीवर काही पाठवत नसत.

रामनवमीच्या उत्सवात देवळात रोज दुपारून कीर्तन होतं. बुवा होते अण्णाबुवा, कासा-चारोटीपासून बोर्डीपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचे. त्या दिवशी उभे राहिले ते उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊनच.

"मंडळी, घाबरू नका," हार घालून घेताना ते म्हणाले. "रानशेतच्या वळणावर स्कूटरला भक्ती सुचली, तिने मला साष्टांग नमस्कार घालायला लावला. गळा शाबूत आहे. चिपळी डाव्या हातात आलीय, तिचं काही खरं नाही."

खरंच नव्हतं. उत्तररंगात कथा लागली ती त्या गरीब मित्राची, पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेच्या दाराशी पोचलेल्या. बुवा गात होते, पण चिपळी डळमळत होती. चार ठोक्यांच्या जागी तीन पडायचे. चौथ्याला डावी बोटं मिटायचीच नाहीत. तबलेवाला खाली मान घालून हसला.

"हसतोस काय," अण्णाबुवा म्हणाले. "हा हात आजवर देवाला नमस्कार करायला नि दुसऱ्या हाताला आधार म्हणून होता, त्याला काय माहीत ताल. मंडळी, असं करा. तीन माझे, चौथा तुमचा. टाळी द्या. मीच दिला असं समजायचं."

पुन्हा चाल सुरू झाली. चिपळी तीनदा वाजली आणि सगळ्या देवळाने एक टाळी दिली. तीन, आणि टाळी. तीन, आणि टाळी. वसुमतीबाईही देत होत्या. चार-पाच वेळा दिली असेल, आणि त्यांचे हात हवेतच थांबले.

तीन ठिपके म्हणजे एस. चार असते तर एच.

एच, यू.

"नर्मदाबेन," त्यांनी शेजारी वाकून विचारलं, "गुजरातीत 'मी' कसं म्हणता?"

"आत्ता? कीर्तनात?"

"सांगा ना."

"हुं. हुं नर्मदा, तमे वसुबेन. का?"

तुम्ही कोण, असं बाईंनी विचारलं होतं. हुं, असं उत्तर आलं होतं. मी. चारातला एक ठिपका गळाला होता, कारण तो द्यायला बोट मिटलं नव्हतं. हात जतीनभाईंचाच होता, फक्त डावा. आणि त्यावर त्यांनी रेडिओ बंद केला होता.

बाई उठल्या. कीर्तनातून मध्ये उठायचं नाही, हे आईच्या मांडीवर असल्यापासून पाळलेलं. आरती, बुक्का, प्रसाद झाल्याशिवाय त्यांनी कधी देऊळ सोडलं नव्हतं. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत त्या निघाल्या तसं अण्णाबुवांनी गाणं थांबवलं.

"वसुमतीबाई, आज तुम्हीसुद्धा? अहो, मित्र अजून दाराबाहेर उभा आहे. द्वारपाल त्याला विचारतायत, तू कोण? त्याला आत तरी येऊ द्या, मग जा."

मंडळी हसली. बाईंनी खांबाशी उभं राहून हात जोडले. आणि तशाच बाहेर पडल्या.

घरी येऊन हातपाय न धुता त्यांनी रेडिओ लावला. वेरावळचं नाव पाठवलं, आपलं पाठवलं. खरखर. पुन्हा पाठवलं. दिवेलागण होऊन गेली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. त्यांचा हात स्वच्छ, गोल, सरावाचा. हाक सुरेख जात होती आणि कोणीच घेत नव्हतं. का घेईल? ज्या हाताने हाकलून दिलं तोच तर बोलावत होता.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी कीची फळी उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली. काही ठरवून नाही. किती अवघड असतं ते बघावं, एवढंच. डाव्या हाताची बोटं मुठीवर ठेवली तर ती परक्या घरी आल्यासारखी अवघडून बसली. ठिपका द्यायला गेल्या तर लांब शिट्टी वाजली. जतीनभाईंचं कॉलसाइन पाठवता पाठवता मनगट भरून आलं. स्वतःचं कॉलसाइन मध्येच चुकलं, पहिल्यापासून दिलं, पुन्हा चुकलं. घामाने मूठ निसटत होती. एवढ्या कष्टाने तो माणूस आठवडाभर रोज हाक मारत होता, आणि इकडे बाई हेडफोन लावून, सगळं ऐकत, गप्प बसल्या होत्या.

शेवटचं अक्षर कसंबसं देऊन त्यांनी हात काढला आणि डोळे मिटून घेतले.

खरखरीतून एक ठिपका आला. मग दुसरा. मग लांब, फार लांब. जतीनभाईंचं नाव, सांडत, तुटत, सगळ्या अक्षरांसकट. बाईंच्या लक्षात आलं, ते इतके दिवस तिथेच असणार, ऐकत. सरावाच्या हाताला त्यांनी उत्तर दिलं नाही. अडखळत्या हाताला दिल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

मग एकच शब्द, खूप वेळ घेऊन: कोण?

अर्थात. ह्या हाताने बाईंना तरी कोण ओळखणार होतं. कॉलसाइन वसुबेनचं आणि हात कुठल्या तरी पोराचा.

की उजवीकडे सरकवून एका क्षणात ओळख देता आली असती. बाईंनी ती सरकवली नाही. डाव्या बोटांनीच पाठवलं. हुं वसु. एच द्यायला गेल्या: डि, डि, डि, आणि बोट मिटलंच नाही. पुढचा यू आधीच निघून गेला.

सुं वसु.

आपल्याच कानांनी ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

माडाच्या झावळ्या तारेला घासत होत्या, त्याचा बारीक आवाज हेडफोनमध्ये येत होता. मग तीन ठिपके आले, सुटे सुटे, आणि थांबले. वेरावळला कोणीतरी चौथ्यासाठी धडपडत होतं. जतीनभाई हसायला निघाले होते आणि त्यांचं हसणं पहिल्याच अक्षरात अडकलं होतं.

बाईंनी टेबलावर बोटाने एक टक दिली. मग पलीकडून पुढचे दोन ठिपके आले.