डब्यावर ‘खाली’ लिहिलं होतं

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी मला पाहिलं असेल, कोण जाणे. मी कॅसेट वाजवणारा टेपरेकॉर्डर आहे. वय बेचाळीस. वर धरायला मूठ, पोटात कॅसेट ठेवायला झाकण आणि समोर सहा बटणं. त्यांतलं एक लाल आहे. माझ्या आयुष्यातलं सगळं बरंवाईट त्या एका बटणामुळे घडलं, म्हणून त्याची ओळख आधीच करून देतो. ते दाबलं की मी समोरचा आवाज टिपून घेतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. एकीनं माझ्यासमोर ‘एक, दोन, तीन’ म्हटलं, मी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि पास झालो. तेवढीच माझी परीक्षा. तिथून खोक्यात बसून मी बऱ्हाणपूरला आलो, आणि वामनरावांनी मला छातीशी धरून घरी नेलं.

वामनराव इंग्रजीचे मास्तर. नोकरी देडतलाईच्या शाळेत. सोमवार ते शनिवार ते तिकडेच खोली करून राहायचे, रविवारी सकाळच्या बसनं घरी यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. घरी त्यांची बायको लीलाबाई, तिच्या सासूबाई आणि लहान मुलगी. लीलाबाई निंबोल्याच्या केळीवाल्या शेतकऱ्याची लेक. चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षर येत नसे. सगळी कामं उरकली की दुपारी तिला घर खायला उठायचं.

वामनरावांना वेड होतं इंग्रजी सिनेमाचं. इंदूरला कॉलेजात असताना त्यांनी जुने हॉलिवुडचे सिनेमे एकेक तीनतीनदा पाहिले होते. बायकोला ते दाखवणार कुठे? म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. रविवारी जेवण झालं की ते माझ्यासमोर मांडी घालून बसायचे, लाल बटण दाबायचे आणि अर्ध्या तासात अख्खा सिनेमा मराठीत सांगायचे. त्याचे सहा भाग. सोमवारची पाच मिनिटं झाली की म्हणायचे, “हं लीला, आता इथं बंद कर. बाकीचं उद्या.” आणि मित्रांनो, ती खरंच बंद करायची. हिरोच्या मागे पिस्तूल घेऊन कुणी उभं असलं तरी तिनं मंगळवारचा भाग सोमवारी कधी ऐकला नाही. मला मात्र पुढचं सगळं ठाऊक असायचं. फार अवघड जायचं मला.

वामनराव नुसती गोष्ट सांगत नसत. त्यांना गोष्टीपेक्षा त्यातला माणूस प्यारा. ग्रेगरी पेक आला की ते आवाज असा खोल उतरवायचे की माझा स्पीकर घरघरायचा. म्हणायचे, “हा माणूस रागावला तरी ओरडत नाही, लीला. हळू बोलतो, आणि समोरचा घाबरतो.” केरी ग्रँटवर तर ते फिदाच होते. “पोरवयात तो कसरती करणाऱ्या मंडळीत होता. म्हणून पायरीवरून घसरला तरी देखणाच दिसतो. कोटाची इस्त्री मोडत नाही!” जेम्स स्टुअर्ट बोलताना अडखळायचा, म्हणून वामनरावही अडखळायचे. त्यावर लीलाबाई माझ्याकडे बघून म्हणायची, “अडखळू द्या हो त्याले. खरं बोलणारा अडखळतोच.” हम्फ्री बोगार्ट रूपानं बेताचा, पण तो खोलीत शिरला की बाकीचे मांडलेल्या खुर्च्यांसारखे दिसतात, असं त्यांचं मत.

आणि गॅरी कूपर. सव्वासहा फूट उंच, बोलणं मोजकं. “त्याला भीती वाटते, लीला. ती त्याच्या डोळ्यांत दिसते. तरी तो जागचा हलत नाही. हिरो म्हणजे एवढंच.” हा कूपर लीलाबाईला सर्वांत आवडला. ती म्हणायची, “माझ्या बाबांसारखा आहे. बाबा पण दिवसातून चार शब्द बोलत.” एका माणसाचा चेहरा कधीही न पाहता त्याची इतकी चाहती झालेली दुसरी बाई मी पाहिली नाही. तिच्या त्या चाहतेपणात माझा वाटा होता, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा.

काही वर्षांनी वामनरावांची बदली गावातच झाली. आता ते रोज घरी असल्यावर टेप कशाला लागतो? शेवटची कॅसेट एकाच बाजूनं भरली, दुसरी बाजू कोरी राहिली. तिच्यावर कूपरचा सिनेमा होता. मी कपाटावर जाऊन बसलो. कधीमधी आरती वाजवायचो, कधी बातम्या. लोकांच्या घरी नवी यंत्रं आली, माझ्यावर धूळ आली. पण घरात दोघंजण बोलत होती, हसत होती, म्हणून मला माझ्या रिकामपणाचं वाईट वाटलं नाही.

मग अकरा वर्षांपूर्वी वामनराव गेले. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. सासूबाई कधीच गेल्या होत्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाबाईनं मला कपाटावरून खाली घेतलं, पदरानं पुसलं आणि एक कॅसेट घातली. वामनराव बोलू लागले. ती माझ्यासमोर हात जोडल्यासारखी बसून राहिली. मला त्या वेळी रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

चाळीसेक कॅसेटी होत्या. काहींवर बुरशी चढली, काही तुटल्या. खोटं कशाला बोलू, तीन तर मीच गिळल्या. माझा पट्टा सैल झाला होता. कडू नावाच्या मेकॅनिकनं तो बदलला तेव्हा उशीर झाला होता. शेवटी नीट वाजणारी एकच उरली, ती अर्धी भरलेली कूपरची. सोमवार ते शनिवार, पाच पाच मिनिटं, लीलाबाई दर आठवड्याला तेवढंच ऐकायची. “इथं बंद कर,” म्हटलं की बंद करायची.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग दिला. रंगारी सामान हलवणार, म्हणून लीलाबाईनं प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून लिहिलं, कोणता कुठे परत ठेवायचा ते. कुणावर ‘वर’, कुणावर ‘मधे’. कूपरची कॅसेट ज्या बिस्किटाच्या डब्यात होती, त्यावर ‘खाली’. म्हणजे खालच्या फळीवर. रंग वाळला, डबे जागेवर गेले, कागद तसेच राहिले.

शेजारची मोनाली कॉलेजात शिकते. शाळा सगळी हिंदीत झालेली. चैत्रात कॉलेजच्या जुन्या जमान्याच्या कार्यक्रमासाठी तिला मी हवा होतो. लीलाबाई त्या रविवारी इच्छापूरला देवीच्या दर्शनाला निघाली होती. “घे की टेप,” ती किल्ली देत म्हणाली, “पण आठीच, घरातच बसून कर. बाहेर नेऊ नको त्याले.”

मोनाली दोन मैत्रिणींना घेऊन आली. कॅसेट हवी म्हणून डबे शोधू लागली. ‘वर’ लिहिलेला डबा बघून हसली, “आजींनी इसमें दूल्हा ठेवलाय काय?” मग तिला ‘खाली’ सापडला. “ये देख, खाली कॅसेट! ब्लँक आहे.” हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मित्रांनो, आमच्या गावात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात. एकीचा शब्द दुसरीनं उचलला, एवढंच झालं. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं.

तिनं कॅसेट घातली. भरलेली बाजू वर आली. उलटी घातली असती तर ती खरोखरच कोरी होती! तिनं लाल बटण दाबलं.

माझ्या पोटात आधी पुसणारा भाग लागतो, मग लिहिणारा. मी ते थांबवू शकत नाही. “हं लीला, ऐक,” हे शब्द माझ्यावरून गेले आणि पुसले गेले. त्यांच्या जागी आलं, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!” आणि हसणं. पोरींनी दोन गाणी म्हटली, फोनवर माझा व्हिडिओ काढला आणि गेल्या. बटण बंद करायचं विसरून गेल्या. मी फिरतच राहिलो. सोमवार, मंगळवार, बुधवार पुसत गेलो. पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा हॉर्न, रिकामी खोली, एवढंच टिपत शनिवारच्या शेवटापर्यंत पोहोचलो आणि खटकन थांबलो. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं वाईट काम केलं नाही.

सोमवारी दुपारी लीलाबाई माझ्यासमोर बसली. बटण दाबलं. पोरींचं हसू वाजलं. तिनं कॅसेट काढून तिच्यावरचं वामनरावांचं अक्षर पाहिलं, परत घातली, पाच मिनिटं ऐकलं आणि बंद केलं. मला वाटलं, आता पुढे पळवून बघेल. नाही. मंगळवारी मंगळवारचं ऐकलं. गाणं संपून पंखा सुरू झाला. बुधवारी पंखा. गुरुवारी पंखा. रोज ती आशेनं बसायची, निदान शनिवार तरी उरला असेल म्हणून. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. शनिवारची पाच मिनिटं संपली तेव्हा तिनं कॅसेट काढून पदरानं पुसली.

संध्याकाळी तिनं मोनालीला हाक मारली. पोरीला कळलं तसा तिचा चेहरा उतरला. “आजी, डब्बे पे खाली लिखा था ना! मले वाटलं, ब्लँक आहे. सॉरी आजी, खरंच सॉरी.”

“रडू नको. मीच लिहिलं ते,” लीलाबाई म्हणाली. “काबर लिहिलं, देवाले माहीत.”

दुसऱ्या दिवशी मोनाली फोन घेऊन आली. कॅसेटच्या कागदावर वामनरावांनी सिनेमाचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं, त्यावरून तिनं तो शोधून काढला होता. “आजी, असली, ओरिजिनल पिक्चर दाखवते.” दोघी माझ्याशेजारी बसल्या. पंचाहत्तर वर्षांच्या लीलाबाईनं गॅरी कूपरला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

“अगं बाई,” ती म्हणाली, “असाच सांगायचे! बघ, टोपीखालून कसा बघतो. आता दाराशी थांबेल.” तो दाराशी थांबला. “आता काही बोलणार नाही.” तो काही बोलला नाही. ती खूश होऊन मोनालीला पुढचं आधीच सांगत होती. सगळं जुळत होतं. फक्त त्याचा आवाज ऐकला की ती जराशी मान बाजूला करायची. तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

शेवटी कूपर घोड्यावर बसला आणि माळरानावर लहान लहान होत गेला. गाणं वाजलं.

“पुढचं लाव,” लीलाबाई म्हणाली.

“आजी, खतम झाला.”

“खतम कसा होईल? तो अर्ध्या रस्त्यातून फिरतो. पूल ओलांडतो, घोडं बांधतो आणि दारातून हाक मारतो तिले.”

“नाही आजी. बघा ना, द एंड लिहिलंय. तो जातो.”

लीलाबाईनं फोन हातात घेऊन जवळून पाहिला. मग तिनं विचारलं, “ते ग्रेगरी पेकचे, बोगार्टचे, त्यांच्यात पण असं असेल?”

“असेल काही पिक्चरमध्ये,” मोनाली म्हणाली.

“यांच्या गोष्टीत सगळे शनिवारी घरी यायचे,” लीलाबाई म्हणाली. “सगळे. आणि रविवारी सकाळी बस यायची.” तिचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं ती जे घरी परतणं खरं मानत आली, ते वामनरावांनी तिच्यासाठी पदरचं घातलेलं होतं. ते आज तिला कळलं, आणि त्याबद्दल बोलायला घरात तो माणूस नव्हता.

थोड्या वेळानं तिनं कॅसेट उलटी करून कोरी बाजू माझ्या पोटात घातली. “मोनाली, बस. मी सांगते ही गोष्ट. तुमचं गाणं राहू दे त्या बाजूले.” तिनं लाल बटण दाबलं आणि सांगू लागली. वामनराव जिथे थांबायचे तिथे थांबत, कूपर गप्प झाला की गप्प होत. घोडा माळरानावर आला तशी ती थांबली. मी फिरत होतो, आणि तिचा श्वास तेवढा टिपत होतो.

“तो गेला,” ती म्हणाली. “खरं म्हणजे तो परत येत नाही, पोरी. आमच्या घरी यायचा.” आणि तिनं बटण बंद केलं.

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीवर प्रत्येक बाजूसाठी प्लॅस्टिकचा एक चिमुकला तुकडा असतो. तो मोडून टाकला की मी लाल बटण दाबूच देत नाही, कुणी कितीही जोर लावो. त्या दुपारी मोनालीनं लीलाबाईच्या बाजूचा तुकडा स्वतःच्या नखानं मोडला. वामनरावांच्या बाजूचा कुणी मोडला नव्हता. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी नसेल, फोन असेल. तरी एवढं माझं ऐका. जुनं काही हाती लागलं, त्यावर काहीही लिहिलेलं असलं, तरी ते पुसण्याआधी एकदा सुरू करून बघा. आत कुणी बोलत असेल.