जाड मुठीची रॅकेट

जंगलातल्या जोयडा गावाजवळच्या एका रिसॉर्टात चार भिंतींची बंद खोली होती. पाहुणे तिथं रबरी चेंडू भिंतीवर बडवत. त्या खेळाला रॅकेटबॉल म्हणत आणि तो शिकवायचं काम महाबळेश्वर नावाच्या गड्याकडं होतं. चेंडू नीट परतवायला त्याला स्वतःला सहा महिने लागले होते. भांडी घासणाऱ्या सुमंगलानं एका दुपारी गंमत म्हणून रॅकेट उचलली आणि ओळीनं अकरा चेंडू परतवले. नेमकं मॅनेजरनं ते पाहिलं.

"पाहुण्या बायका शिकवायला बाईच मागतात," तो महाबळेश्वरला म्हणाला. "तीन आठवड्यांनी दोघांचा सामना लावू. जिंकेल तो शिकवेल."

महाबळेश्वरला जंगलातली लाकडं उचलायची जुनी मजुरी आठवली.

संध्याकाळी सुमंगला त्याच्याकडंच आली. "अण्णा, मला ह्यातलं काय कळत न्हाई. नव्या माणसाला कुठली रॅकेट बरी, तेवढी बघून द्या की."

तिचा तळवा लहान. तिला बारीक मुठीची, हलकी रॅकेट हवी, हे तो जाणून होता. पाहुण्यांना रोज तेच सांगायचा. त्यानं तशी एक खुंटीवरून काढली, तोलली आणि परत टांगली. मग जाड मुठीची, शेंड्याला जड, तारा करकचून ताणलेली तिच्या हातात दिली.

"मूठ मिटत न्हाई हो."

"आवळून धर. पयल्यांदा असंच वाटतंय."

ती रोज काम आटोपून तासभर आवळून खेळू लागली. आठव्या दिवशी कोपर ठणकायला लागलं.

"दुखतंय म्हंजे हात तयार होतोय," तो म्हणाला आणि चोळायला तेलाची बाटलीही दिली. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

सामन्यात तिसऱ्याच फटक्याला रॅकेट तिच्या हातातून निसटून भिंतीवर आदळली. पाहुण्या हसल्या. मॅनेजरनं खेळ थांबवला. दुसऱ्या दिवशी तिला सांबाराचं पातेलंही उचलवेना, तेव्हा त्यानं तिला कामावरूनही काढलं.

जीपची वाट बघत ती फाटकाशी उभी होती. सुजलेला हात पदरात धरला होता. महाबळेश्वर दिसताच ती ओशाळून हसली.

"तुमी एवढं शिकवलंसा, अण्णा. माझ्याच हातात दम न्हाई, व्हय की?"

"व्हय," तो म्हणाला. "सगळ्यांना जमत न्हाई."