डोकं नसलेल्या डमीचं तेज

"आलं! आलं! तेज आलं!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं सभागृह खुर्च्यांवर चढलं. पुढे स्टुलावर चौकातला औषधवाला बसला होता. खिडक्यांना जाड पडदे, खोलीत अंधार आणि त्याच्या डोक्यामागे एकच प्रखर दिवा. त्यानं स्वतःच्याच फोननं स्वतःचाच फोटो काढला होता, आणि फोटोत त्याच्या डोक्यातून दोन्ही बाजूंना उजेडाच्या लांबच लांब रेघा फुटल्या होत्या. फोन हातोहात फिरला. ज्याच्या हाती जाई तो आधी फोनला हात जोडी, मग औषधवाल्याला. कालपर्यंत याच माणसाला लोक जुन्या गोळ्या खपवतो म्हणून शिव्या घालत होते.

उजेडबाबा मंद हसले. नाव लोकांनीच ठेवलेलं. खरं कुणी विचारलं नव्हतं.

"मी काय केलं? काही नाही केलं," बाबा म्हणाले. "फोन तुमचा, हात तुमचा, तोंड तुमचं. मी फोनला शिवतसुद्धा नाही. माणसाच्या डोळ्याला पापणी असते, तो हवं तेव्हा मिटून घेतो. कॅमेऱ्याला पापणी नाही, बाळांनो! म्हणून कॅमेरा खोटं बघत नाही."

"वा!" सभा म्हणाली. भल्याभल्यांच्या अंगावर काटा आला. पापणी माशालाही नसते, म्हणून काही आपण माशाला साक्षीला उभं करत नाही. पण एवढा विचार करायला तिथे कुणाला सवड होती?

दुसऱ्या रांगेत शिवणकाम करणारं एक कुटुंब बसलं होतं. सासूबाई, थोरली सून, धाकटी सून आणि धाकटीचा नवरा. थोरलीचा नवरा परगावी नोकरीला असे. सासरे घरी कॉटवर पडून होते. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, सुनाही मास्तरच म्हणत. अर्धांगाचा झटका आला आणि मास्तरांचा उजवा हात, कातर चालवणारा हात, लुळा पडला होता. त्या हातापायी ही मंडळी इथवर आली होती.

बाबांची रीत ठरलेली. त्यांचा एक माणूस वाटीतून सुगंधी तेल घेऊन रांगेतून फिरायचा. तेल कपाळाला चोळायचं, फोनच्या कॅमेऱ्याची काच कपाळाला टेकवायची, हळूच भुवयांपर्यंत खाली ओढायची, डोळे मिटायचे आणि मग दिव्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायचा. घरातल्या प्रत्येकाचं तेज बाबा बघणार आणि रोग कुठे दडलाय ते सांगणार.

थोरली स्टुलावर बसली आणि तिच्या फोटोत असं तेज आलं की औषधवाला फिका पडला. "माय, तू घराचा खांब आहेस," बाबा म्हणाले. थोरलीचा ऊर भरून आला. इतकी वर्षं त्या घरात मान मोडून कातरकाम केलं, पण खांब तिला कुणी म्हटलं नव्हतं.

मग धाकटी बसली. तिच्या फोटोत दिवा होता, ती होती, नाकावरचा तीळसुद्धा होता. तेज मात्र औषधालाही नव्हतं.

बाबांनी डोळे मिटले. "हा दिवा विझलेला आहे. विझलेला दिवा घरात असला की आजाऱ्याचं तेज शोषून घेतो. हा घरात आहे तोवर तो हात उठायचा नाही."

धाकटी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, मी तेल लावलंच नाही. त्या वासानं मला शिंका येतात. आणि फोटोच्या आधी मी काच पुसते, ती माझी सवयच आहे. म्हणून तर फोटो स्वच्छ आलाय."

"बघा!" बाबांनी बोट वर केलं. "तेज नसतं तिथे तर्क असतो!"

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती थोरली.

का हसली? ऐका. धाकटी घरात आली तेव्हापासून शिवलेल्या कपड्यांचे फोटो तीच काढून गिऱ्हाइकांना पाठवायची, आणि जो तो फोटोंचंच कौतुक करायचा. कोट कापला थोरलीनं, शिवला थोरलीनं, आणि शाबासकी कुणाला, तर फोन धरणारीला! मास्तरही धाकटीच्या हातून मुकाट औषध घ्यायचे, थोरलीवर खेकसायचे. ही ठसठस होतीच. बाबांनी फक्त तिला वाट करून दिली.

आठवड्याच्या आत धाकटीची बॅग भरली गेली. तिचा नवरा मान खाली घालून म्हणाला, "थोडेच दिवस गं. भावाकडे राहा. तेज आलं की लगेच आणतो."

"तेज काय पार्सलनं येणार आहे?" धाकटी म्हणाली. तिनं दारात थोरलीचा हात धरला. "ताई, मास्तरांकडून चिंध्यांचा चेंडू रोज दाबून घ्या. कुरकुर करतील, करू द्या. डॉक्टर म्हणालेत, एक दिवस चुकवू नका. बोटं आखडली तर मग अवघड जाईल."

थोरली "हूं" म्हणाली. तो चेंडू धाकटीनंच उरल्यासुरल्या कापडाचा घट्ट शिवला होता. पण बाबांनी दाबादाबी बंद करायला सांगितलं होतं. हाताला रोज संध्याकाळी दिवा दाखवायचा, बास. सासूबाई दिवा धरून बसत, मास्तर छताकडे बघत राहत, आणि थोरलीनं एकदाही तोंड उघडलं नाही. खांबानं कशाला बोलायचं?

असे दोन महिने गेले. फोटो आता थोरली काढत होती. एक दिवस, त्यांचे कपडे विकणाऱ्या दुकानदार बाईंचा फोन आला.

"अहो, हे काय पाठवलंय? निळा कोट आहे की धुकं? आणि डमीच्या मानेतून किरणं कसली निघताहेत? माझं गिऱ्हाईक विचारतंय, कोटाबरोबर दिवा फुकट आहे का!"

थोरलीनं फोटो मोठा करून पाहिला आणि तिच्या हातून फोन निसटता निसटता राहिला. खिडकीपाशी ठेवलेली कोटाची डमी. तिला डोकं नाही, मानेच्या जागी नुसता लाकडी गट्टू. आणि त्या गट्टूतून दोन्ही बाजूंना उजेडाच्या लांबच लांब रेघा! थेट थोरलीच्या फोटोतल्यासारखं तेज. खोटं कशाला सांगू, क्षणभर थोरलीचे हात डमीपुढे जुळायला निघाले होते.

मग ती हसली. आणि हसता हसता थांबली.

तिनं फोन उलटा केला. नुकतंच मशीनला तेल घातलं होतं, त्याच अंगठ्यानं फोन उचललेला. कॅमेऱ्याची काच तेलानं बरबटली होती. तिनं फ्लॅनेलचा तुकडा घेतला, काचेवर हाः केलं, पुसलं आणि पुन्हा फोटो काढला. कोट निळाशार, शिवणीचा टाका न् टाका मोजून घ्यावा असा. किरणं गायब. तिनं तेलाचा अंगठा काचेवरून वरून खाली फिरवला, तर रेघा आडव्या आल्या. अंगठा आडवा फिरवला, तर रेघा उभ्या राहिल्या! तेलाचे बारीक ओरखडे ज्या दिशेला, उजेड त्याच्या आडव्या दिशेला फाकत होता. तेज अंगठ्याच्या हुकमात होतं.

आता तिला धाकटीचं काम आठवू लागलं. धाकटी आधी काच पुसायची. मग डमी खिडकीला पाठ करून न ठेवता कोटाची पुढची बाजू खिडकीकडे येईल अशी ठेवायची, म्हणजे उजेड कोटावर पडे. अंधारलेलं आभाळ असलं तर फोनच्या पडद्यावर कोटाच्या गडद भागावर बोट टेकवून फोनला तिकडे बघायला लावायची, आणि दोन्ही कोपर मशीनच्या टेबलावर रोवून, श्वास धरून फोटो काढायची. कमी उजेडात फोन डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, हात हलला की चित्र हललं. हे सगळं तिनं थोरलीला सांगितलेलं होतं. थोरलीनं काय म्हणावं? "फोटो काढतेस की ऑपरेशन करतेस?"

थोरलीचे कान तापले. यात शोध लावण्यासारखं होतंच काय! त्या सभागृहात, भर सभेत, धाकटीनं सगळं सांगितलं होतं. तेल लावलं नाही, काच पुसली. नुसतं ऐकायचं होतं, आणि आपण खिदळत होतो.

ती उठली आणि मास्तरांच्या कॉटपाशी गेली. उजव्या हाताची बोटं मुडपून तळव्याला चिकटली होती. तिनं ती उघडायला बघितलं, तर मास्तर कळवळले. जड जिभेनं म्हणाले, "चेंडू... कुठंय?"

चेंडू चिंध्यांच्या पोत्यात तळाला सापडला. केर काढताना तिनंच भिरकावला होता. तो हातात धरून ती जमिनीवर बसली आणि लाजेनं तिला मास्तरांकडे बघवेना. बाबा ढोंगी होता, मान्य. पण बाबानं काही चेंडू फेकला नव्हता.

पुढच्या सभेला थोरली डमी खांद्यावर टाकून गेली. वर चादर.

"बाबा, आमच्या घरातल्या एकाचं तेज बघायचं राहिलंय," असं म्हणून तिनं डमी स्टुलावर ठेवली आणि चादर ओढली. सभेत खसखस पिकली. तिनं वाटीतलं तेल कपाळाला चोळलं, फोनची मागची काच कपाळावरून खाली ओढली, रीत अगदी तंतोतंत, आणि दिव्यासमोरच्या डमीचा फोटो काढला. फोन पहिल्या रांगेत दिला.

"अगं बाई, तेज!" एक म्हातारी किंचाळली.

बाबा सराईत. क्षणभर चपापले, पण जीभ घसरू दिली नाही. "बाळांनो, पुण्यवंताच्या हातून शिवलेलं वस्त्रसुद्धा..."

"थांबा, बाबा." थोरलीनं फडकं काढलं, काच पुसली, परत फोटो काढला. "हा बघा. गेलं तेज! इतक्यात पुण्य संपलं? की या फडक्यात उतरलं? घ्या, फडक्याचं दर्शन घ्या!"

पहिल्या रांगेत औषधवाल्यानं गुपचूप शर्टाच्या टोकानं आपला फोन पुसला, फोटो काढला, आणि आपलं रोजचं तोंड बघून त्याचा चेहरा पडला. मग सगळ्यांनीच पुसायला घेतलं. कुणी पदरानं, कुणी रुमालानं. खोलीभर तेज विझत गेलं. बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ झाली आणि ते मागच्या दारानं जे गेले ते गेलेच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनं हात वर केला. "टाळ्या नकोत. याच खोलीत माझ्या जावेनं हे सांगितलं होतं. तुम्ही हसलात. मी तुमच्यापेक्षा मोठ्यानं हसले." टाळ्या विरल्या आणि माणसं एकमेकांची नजर चुकवत चपला शोधू लागली.

तिथून ती दिराला घेऊन थेट धाकटीच्या भावाच्या घरी गेली. वरच्या खोलीत धाकटी खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होती. थोरलीनं सगळं सांगितलं, चेंडूसुद्धा लपवला नाही.

"आणि हे कुठे आहेत?" धाकटीनं विचारलं.

"खाली उभे आहेत. जिना चढवत नाही, लाज वाटते म्हणतात."

"तुम्हाला नाही वाटली?"

"वाटली. तरी चढले."

धाकटीनं दोरा दातानं तोडला. "ताई, डमीच्या मानेतून किरणं निघाली नसती तर मी अजून विझलेलीच असते ना? एका ताटात जेवलो आपण. मी कशी आहे ते कळायला तुम्हाला फोटो लागला?"

डोळ्यांतलं पाणी पुसायचीही थोरलीला चोरी वाटली, कारण रडण्याचा हक्क आपला नाही हे तिला कळत होतं.

"बोटं किती आखडलीत?" धाकटीनं विचारलं. थोरलीनं आपली मूठ वळून दाखवली. धाकटीचा चेहरा उतरला. तिनं शर्ट बाजूला ठेवला आणि बॅग ओढली. "मास्तरांसाठी येते. तुमच्यासाठी नाही, आणि खाली उभे आहेत त्यांच्यासाठी तर नाहीच."

डॉक्टर म्हणाले, थोडा फरक पडेल, पण पूर्वीसारखा हात होईल असं वचन देत नाही. मधले दिवस वाया गेले.

आता शेजारपाजारचे डमीची गंमत ऐकायला येतात. थोरली सांगते. लोक पोट धरधरून हसतात आणि उठायला लागतात, तेव्हा ती त्यांना बसवते. "बसा, गोष्ट संपली नाही," म्हणते, आणि चेंडूपर्यंतचं सगळं सांगते. मग म्हणते, "बाबा तेल लावून गेला, ते फडक्यानं निघालं. पण त्यानं सांगितलेलं खरंच असावं असं मला मनातून वाटत होतं, ते कशानं पुसू? कुणी चमत्कार दाखवला तर आधी काच पुसा. कुणी शंका विचारली तर हसण्याआधी ऐका. आणि एखाद्या माणसाला घराबाहेर काढायला चमत्काराचा पुरावा लागला, तर आधी स्वतःला विचारा, की हा पुरावा मला इतका गोड का लागतोय?"

मंडळी निघून जातात. धाकटी खिडकीपाशी काच पुसून डमीचा फोटो काढत असते. ती कामापुरतं बोलते. थोरली चेंडू घेऊन मास्तरांपाशी बसते. तीन बोटं आता थोडी वळतात. अंगठा अजून वळत नाही, म्हणून कातर भिंतीवरच टांगलेली आहे.