ढब्बूमामासोबत नाश्ता

भूमितीच्या सरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना सरच म्हणत. हल्ली त्यांची बायकोही सरच म्हणायची. तिचं कारण वेगळं होतं. तिला नाव आठवत नसे.

ही बायको एकोणीस वर्षं हत्ती होती. शहराबाहेरच्या मोठ्या करमणूक उद्यानात एक भोजनगृह होतं. तिथं मुलं खायला बसली की निळ्या चौकड्यांच्या ॲप्रनमधला एक गलेलठ्ठ हत्ती टेबलाटेबलांशी जाऊन हात मिळवायचा, सोंडेनं बापांच्या टोप्या उडवायचा, फोटोला उभा राहायचा. त्याचं नाव ढब्बूमामा. त्या ढब्बूमामाच्या आत ही असायची. ओळखीपाळखीचे गमतीनं म्हणत, "जगाचा मामा आणि आमची मामी!"

सरांना ही गंमत कधी झेपली नाही. शाळेत कुणी विचारलं तर ते सांगत, "ती तिकडे ऑफिसात असते." शाळा सुटली की ते तिला आणायला जात, पण उद्यानाच्या मागच्या, कर्मचाऱ्यांच्या फाटकापर्यंतच. आत एकदाही गेले नाहीत.

"एकदा या हो, बघा तरी," ती म्हणायची.

"दोन टोस्ट आणि ऑम्लेटसाठी एवढं तिकीट? का, तर एक हत्ती येऊन खांद्यावर हात ठेवतो! तो हत्ती मी घरी फुकट बघतो."

ती हसायची. सरांना वाटायचं, विषय संपला.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. पण दुपारी कधी कधी ती उठून कपाटासमोर गुडघ्यांवर बसायची आणि दोन्ही हात पसरून थांबायची, कुणीतरी धावत येणार असल्यासारखी. कुणी यायचं नाही. थोड्या वेळानं ती हात खाली घ्यायची. हे तिसऱ्यांदा पाहिलं आणि तिला तिथं नाश्त्याला न्यावं म्हणून सरांनी उद्यानात फोन लावला.

बहिणीला कळल्यावर ती तडक घरी आली. "दादा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? चहाचा कप विसळून होईपर्यंत वहिनी चहा प्यायल्याचं विसरते. संध्याकाळी तिला यातलं काहीही आठवणार नाही."

"त्या वेळी तरी बरं वाटेल तिला."

"आणि घाबरली तर? चारचौघांत रडायला लागली तर? लहान मुलांना न्यायची जागा ती. तुम्ही दोघं म्हातारे तिथं काय करणार?"

बहीण गेल्यावर त्यांनी सवयीनं कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि डाव्या बाजूला न जाण्याची कारणं लिहिली. सात झाली. उजवीकडे त्यांना एकच सुचलं: 'ती बोलवत होती.' तरी त्यांनी रविवारच्या सकाळचं टेबल पक्कं केलं.

भोजनगृहात कानठळ्या बसतील इतका गलका होता. सर अवघडून बसले. आजूबाजूला मुलांच्या तोंडाला जाम माखलेला, आयांच्या हातात फोन. बायको मात्र खुर्चीत ताठ बसून हॉलभर नजर फिरवत होती. तिनं टोस्टला हातही लावला नाही.

"काही खा ना," सर म्हणाले.

"ड्युटीवर खात नाहीत," ती म्हणाली.

तेवढ्यात संगीत वाजलं आणि ढब्बूमामा आला. चौकड्यांचा ॲप्रन तोच. आता आत दुसरं कुणीतरी. शेजारच्या टेबलावर तीनेक वर्षांची एक मुलगी होती. हत्ती थेट तिच्यासमोर जाऊन वाकला आणि मुलीनं जो टाहो फोडला! हत्ती आणखी जवळ गेला, मुलगी आणखी किंचाळली. तिची आई म्हणू लागली, "राहू दे, राहू दे, एवढे पैसे भरले आणि ही बघा..."

सर सावरायच्या आत बायको उठली होती. तिनं हत्तीला दंडाला धरून बाजूला वळवलं. "समोरून नाही जायचं," ती त्याच्या तोंडाच्या जाळीपाशी हळूच म्हणाली. "पाठ कर. बस खाली. आता तू घाबर. तू लाजलास ना, की ती येते."

हत्ती क्षणभर थबकला आणि खरंच पाठ करून खाली बसला. पंजांनी तोंड झाकून घेतलं. मुलीचं रडणं हुंदक्यांवर आलं. मग ती खुर्चीवरून उतरली, दबकत आली आणि एका बोटानं हत्तीच्या पाठीला शिवली. हत्ती दचकल्यासारखा उडाला. मुलगी खदखदून हसली. सगळ्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या.

सर उभेच होते. चाळीस वर्षं ते वर्गात उभे राहिले होते, पण रडणारं पोर असं हसतं करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. हे काम होतं. शिकून, घासून हातात बसलेलं काम. आणि आपण त्याला काय म्हणत आलो?

बायकोनं हातातल्या नसलेल्या घड्याळाकडे पाहिलं. "संपली माझी ड्युटी," असं म्हणत ती सरळ कर्मचाऱ्यांच्या दारातून आत गेली.

सर मागे धावले. दाराशी भोजनगृहाच्या मॅनेजरबाईंनी त्यांना थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते. "मी ओळखलं त्यांना. मुखवट्यातून पायाखालचं दिसत नाही ना, म्हणून हात धरायला मी असायची त्यांच्यासोबत. बसू दे जरा आत. जागा ओळखीची आहे त्यांच्या."

आत ती बाकावर बसून पाणी पीत होती, अगदी निवांत. सर म्हणाले, "चल, घरी जाऊ या."

तिनं अदबीनं मान हलवली. "नको, माझे मिस्टर येतील ना न्यायला. फाटकावर थांबतात ते. आत नाही येत."

"अगं, मीच तो."

ती कसनुशी हसली, परक्या माणसानं भलती थट्टा करावी तशी, आणि बाकावर थोडी दूर सरकली.

सर बाहेर आले. गाडी काढून मागच्या फाटकाशी नेली, पूर्वी लावायचे तिथंच लावली. केस नीट केले. मॅनेजरबाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. तिनं सरांकडे पाहिलं आणि मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहत राहिली. ती काळ्या केसांच्या एका माणसाला शोधत होती.

"आज उशीर झालाय त्यांना," ती काळजीनं म्हणाली.

ऊन चढत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी सर पुढे झाले. म्हणाले, "बाई, तुमच्या मिस्टरांनी पाठवलंय मला. त्यांना शाळेत काम निघालं. तुम्हाला घरी सोडायला सांगितलंय."

"असं होय!" तिचा चेहरा उजळला. "मग चला की."

ती मागच्या सीटवर बसली. मग सरांनी समोर बघतच विचारलं, "कसे आहेत हो तुमचे मिस्टर?"

"फार चांगले. एक दिवस चुकत नाहीत न्यायला." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "फक्त माझं काम त्यांना आवडत नाही. लाज वाटते त्यांना. मला कळतं, पण मी बोलून नाही दाखवत. उगाच त्यांना वाईट वाटेल."

सरांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं? बिघडली का?"

"नाही," सर म्हणाले. "जरा थांबू या."

स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले. मग तिनं मागून हात पुढे करून त्यांच्या पाठीवर हलकेच थोपटलं, अनोळखी रडणाऱ्या पोरांना थोपटावं तसं.

घरी पोचल्यावर तिनं त्यांचे आभार मानले. बहिणीचा अंदाज खरा ठरला: संध्याकाळी तिला हत्ती, हॉल, ती मुलगी, काहीच आठवत नव्हतं. एक गोष्ट मात्र तिच्या मनात घट्ट बसली. त्या दिवसापासून ती सरांना सर म्हणेनाशी झाली. ती त्यांना ड्रायव्हरदादा म्हणू लागली.

बहीण ऐकून चिडली. "सांगितलं होतं ना? काय मिळालं जाऊन? होतं तेही गेलं!"

"हो, गेलं," सर म्हणाले. "पण त्या एकोणीस वर्षांतच कधीतरी जायला हवं होतं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस विंचरून, चप्पल घालून दारात उभी होती. "निघायचं ना, ड्रायव्हरदादा?"

सरांनी किल्ली घेतली आणि तिच्यासाठी गाडीचं मागचं दार उघडलं.